साहेबाच्या कोटाचा खिसा

“कॉलर!”

“लॅपल!”

“बटन!”

“काज!”

“काज नाही, इंग्रजीत सांगा.” तुळशीराम गुरुजींनी हातातली कपाशीच्या पऱ्हाटीची काडी कोटाच्या भोकापाशी नेली आणि ते थांबले. घाई त्यांना कधीच नसे. पोरांच्या ओठांवर शब्द येऊन अडला की ते गप्प उभे राहत. वासरू आपल्या पायांवर उभं राहू पाहतं तेव्हा जाणता माणूस नुसता बाजूला थांबतो, तसे.

“बटनहोल!” गफ्फार टेलरची नात मुबीना गुडघ्यांवर उठत ओरडली.

“शाब्बास. आणि हे?”

“पॉकेट!”

“त्यात काय ठेवायचं?”

“काईच नाई!” ओसरीवरच्या अकरा पोरांनी एका दमात सूर लावला, “साहेबाचा खिसा खोटा, रुबाब मोठा!”

रस्त्यानं सायकल ढकलत जाणारा एक माणूस मान वळवून हसला. त्यालाही ही ओळ पाठ होती. लहानपणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, याच कोटासमोर मांडी घालून त्यानंही ती म्हटली होती.

वडनेर भोलजीत गुरुजींचा कोट ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. गडद निळ्या टेरीवूलचा, आतून राखाडी अस्तराचा. गुरुजींनी तो अंगात घातलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. ते आयुष्यभर पांढरा सदरा आणि पायजमा या वेशात राहिले. कोट असायचा तो खुंटीवर, लाकडी हँगरला अडकवलेला. नोकरीत होते तोवर तो शाळेत फळ्याशेजारी टांगला जायचा. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती आणि आता तो घरच्या ओसरीवर होता. दुपारी चारला शिकवणी बसे. फी नव्हती. पाय धुऊन यावं आणि चुकायला लाजू नये, एवढ्या दोनच अटी.

कोटावरून गुरुजी नुसते शब्द शिकवत नसत, म्हणीही शिकवत. पाठ्यपुस्तकात म्हण छापलेली असते, तिच्यापुढे अर्थ छापलेला असतो आणि दोन्ही पोरांच्या डोक्यावरून जातात. गुरुजी म्हणीला तिचा मराठी सोयरा गाठून देत. ‘कट युवर कोट अकॉर्डिंग टू युवर क्लॉथ’ आली की तिच्यासमोर ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ येऊन बसायचं. ‘रोल अप युवर स्लीव्ह्ज’ शिकवताना एका पोराला कोट घालून बाह्या वर करायला लावत आणि विचारत, “कामाला लागताना तुमची आई काय करते?” पोरं ओरडत, “पदर खोचते!” मग ती म्हण जन्मभर विसरायची नाही.

आजची म्हण होती ‘ड्रेस्ड टू किल’.

“मारून टाकाले कपडे कायले घालतेत, गुरुजी?” एकानं डोळे मोठे करून विचारलं.

“मारत नाहीत रे कुणाला. एखादी पोरगी लग्नाला नटूनथटून निघाली की तुमची आजी काय म्हणते?”

सगळे विचारात पडले. मुबीनाच म्हणाली, “आज कोनाचा जीव घेतं वं, बाई?”

“झालं! तेच हे. तुमच्या आज्यांना सगळं इंग्रजी येतं, फक्त त्या मराठीत बोलतात.”

पोरं हसत असतानाच प्रतीक्षा पायरीवर येऊन उभी राहिली. गोपाल भाजीवाल्याची थोरली. दहावीपर्यंत याच ओसरीवर बसली होती आणि आता मलकापूरच्या कॉलेजातून बीकॉम झाली होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ओढणीचं टोक. ते टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

“गुरुजी, येऊ काय?”

“ये, ये. तुला कशाला विचारावं लागतं?”

“नागपूरच्या हॉटेलचा मेसेज आला. मोठं हॉटेल हाये. रिसेप्शनवर पायजेत त्याइले. शनिवारी इंटरव्ह्यू हाये.” तिनं मोबाइल पुढे धरून वाचलं, “फॉर्मल ॲटायर. ब्लेझर कम्पल्सरी.”

“ॲटायर मंजे?” मुबीनानं लगेच विचारलं.

गुरुजींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती जुनी सवय होती. येणाऱ्याला सांगू द्यायचं.

“कपडेच वं,” प्रतीक्षा म्हणाली, “पन इस्त्रीचे.”

“उत्तम व्याख्या,” गुरुजी म्हणाले. “मग अडलं कुठं?”

“ब्लेझर नाई ना. काल मलकापूर सारं फिरलो, मी अन् आई. लेडीजमध्ये मिळाला तो लग्नातला. इतकी चमकी, का रिसेप्शनवर नाई, डायरेक्ट बोहल्यावरच बसवतीन मले. ऑनलाइन आठ दिवस लागतेत म्हनते. आज मंगळवार. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीनं निंगा लागते.” ती थांबली. मग खुंटीकडे न पाहता म्हणाली, “एक दिवसाकरता, गुरुजी. रविवारी वापस आनून देतो. जिवापाड जपीन.”

तो कोट गावात कुणी कधी उसना मागितला नव्हता.

गुरुजींनी काडी भिंतीला टेकवून ठेवली. हँगर उतरवला. “घालून तर पाहा,” ते म्हणाले.

प्रतीक्षानं ओढणी काढून ठेवली आणि कोट चढवला. खांदे दंडावर उतरले. बाह्यांनी हात बोटांसकट गिळले. समोरून कोट एवढा आला की त्यात अजून एक प्रतीक्षा मावली असती.

“ताई, हात कुठी गेले?” एक पोरगं म्हणालं आणि मग हसण्याला धरबंध राहिला नाही. “बुजगावनं! बुजगावनं!”

प्रतीक्षाही हसली. रिकाम्या बाहीचं टोक हलवत पूर्वीसारखीच म्हणाली, “धिस इज अ स्लीव्ह. धिस इज अ कफ.” पण कोट उतरवताना तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि परत वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“जाऊ द्या, गुरुजी. मी पंजाबी ड्रेसवरच जातो. ठेवलं तं ठेवलं, नाई तं नाई.”

ती पायऱ्या उतरून गेली. त्या दिवशीची शिकवणी गुरुजींनी पाच मिनिटं आधीच सोडली, आणि असं सतरा वर्षांत क्वचितच झालं होतं.

पोरं गेल्यावर अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या. उंबऱ्याआडून त्यांनी सगळं पाहिलं होतं. चहाचा कप गुरुजींसमोर ठेवून त्या कोटाकडे बघत बसल्या.

“काय म्हनते तुमची दुसरी बायको?”

गुरुजी हसले नाहीत. एरवी हसत. या कोटाला अन्नपूर्णाबाई सवत म्हणत. दर दिवाळीनंतर तिला ऊन त्याच दाखवत, खिशापाशी ब्रश त्याच फिरवत, डांबरगोळ्या त्याच बदलत. आणि कोट कशासाठी शिवला होता, हे माहीत असणाऱ्या तीन माणसांपैकी त्या एक होत्या.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुजी पंचेचाळीस वर्षांचे होते. आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव वर गेलं होतं. एका साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “गुरुजी, तुमचं पक्कं समजा. बुलढाण्याला कार्यक्रम आहे, फोटो निघतील, कोट शिवून ठेवा.” गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर हौस केली. गफ्फार टेलरकडे जाऊन माप दिलं आणि कशासाठी ते हळूच त्याच्या कानात सांगितलं. कोट घेऊन घरी आले ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पेपरात यादी आली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं.

पण कोट आणताना अर्ध्या गावानं पाहिलं होतं. शाळेत पाऊल टाकताच सहकाऱ्यांनी गाठलं. “काय गुरुजी, कोट शिवला म्हनते? कायच्यासाठी?”

आणि तुळशीराम गुरुजी, जे पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं करत, ते म्हणाले, “पाचवीला कपड्यांचा धडा आहे ना. पोरांना दाखवायला.”

बोलले म्हणून दुसऱ्या दिवशी कोट शाळेत न्यावा लागला. खुंटीला अडकवावा लागला. “धिस इज अ कोट” म्हणावं लागलं. आणि म्हणता म्हणता पोरांचे डोळे असे लखलखले की तिसऱ्या दिवशीही न्यावा लागला. वर्षभरात ती थाप उरलीच नाही. कोट खरंच पोरांसाठीच शिवल्यासारखा झाला.

“गोपालची पोरगी लहानपनी त्या कोटावरच बोलाले शिकली,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“मोठा होतो तिला.”

“मंग लहान करा.”

गुरुजींनी कप खाली ठेवला. “कापावा लागेल.”

“हाव, कापाच लागन.” त्यांनी पदरानं कोटाच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. “तुमी अजून कायची वाट पाहून राह्यले? चिठ्ठी येईन, बुलढान्याले या म्हनून? तीस वर्षं म्या त्याले ऊन दाखवलं. आता कोनीतरी दुनिया दाखवा.”

बुधवारी सकाळी गुरुजी कोट खांद्यावर टाकून बसस्टँडजवळच्या दुकानात गेले. गफ्फारभाई शाळेच्या गणवेशांच्या ढिगामागे बसले होते. चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्यानं बांधलेली. गुरुजींना पाहताच त्यांनी मशीन थांबवलं आणि गिऱ्हाइकाची खुर्ची फडक्यानं पुसली.

“या गुरुजी. आज कोटले घेऊन बाहीर? काय झालं, कसर लागली काय?”

“याला लहान करायचंय. गोपालची प्रतीक्षा आहे ना, तिच्या मापाचा. शनिवारी मुलाखत आहे. माप द्यायला ती दुपारी येईल, निरोप धाडलाय.”

गफ्फारभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कोट हातात घेतला, पण मांडीवर ठेवला नाही.

“गुरुजी, लहान कराचा मंजे कात्री लावा लागते. खांदे उतरवा लागतीन, पाठ आत घ्या लागन, बाही कापा लागन. एकडाव कापला का पुन्हा तुमाले होनार नाई तो. मी तं आतून तीन बोटं मार्जिन ठेवली होती, तुमी अंगानं भरसान म्हनून. तुमी काई भरले नाई.”

“पोरं भरू देत नाहीत. दिवसभर पळवतात.”

“इचार करून सांगा.”

“केला.”

गफ्फारभाईंनी मग कोट टेबलावर पसरला. आतून बाहेरून उलटसुलट पाहिला. आपलंच तरुणपणीचं काम ते पाहत होते. शिवणींवरून अंगठा फिरवत ते खिशाच्या झाकणापाशी आले आणि अंगठा थांबला.

“तो खिसा काढून टाकलास तरी चालेल,” गुरुजी म्हणाले. “उगाच जाड दिसेल पोरीला. नाहीतरी खोटाच आहे.”

रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला, ती निघून गेली, तरी गफ्फारभाई तसेच बसून होते. मग त्यांनी टेबलाच्या खणातून छोटी कात्री काढली.

“जरा बसा, गुरुजी.”

त्यांनी झाकण उचललं. खाली खिशाचे दोन ओठ घट्ट मिटलेले होते. कात्रीचं टोक आत गेलं. एकदा कट झालं, दुसऱ्यांदा झालं आणि गफ्फारभाईंनी चिमटीनं एक पांढरा दोरा सरसर ओढून काढला. मग आपला हात पुढे केला. बोटं आत गेली, तळवा गेला, मनगटापर्यंत हात दिसेनासा झाला.

गुरुजी खुर्चीतून अर्धे उठले.

“खरा आहे?”

“कोटाचे खिसे खरेच असतेत, गुरुजी.” गफ्फारभाईंचा आवाज खाली गेला होता. “नवा कोट देताना आमी खिसे कच्च्या टाक्यानं बंद करतो. इस्त्रीची घडी मोडू नये म्हनून. ज्या दिवशी घालाचा, त्या दिवशी उसवून घ्याचे.”

गुरुजींना तीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. घरी येऊन आरशासमोर कोट घातला होता आणि साहेबासारखा हात खिशात घालून पाहिला होता. हात अडला. दोन्ही बाजूंना अडला. तेव्हाच त्यांनी मनाशी ताडलं की साहेबलोकांना खिसा लागतोच कशाला? कोथिंबिरीची जुडी थोडीच आणायचीय त्यांना. त्यांची बॅग धरायला शिपाई असतो. खिसा नुसता शोभेचा. किती पटण्यासारखं होतं ते! पुढं त्याचं गाणंही झालं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“कोट न्याले आले तवा सांगनार होतो. पन तुमी खुशीत होते, गडबडीत होते. मी मनलं, कार्यक्रमाच्या सकाळी आपन घरी जाऊ, आपल्या हातानं टाके उसवून देऊ, अन् गुरुजीले स्टँडवर पोचवून देऊ.” त्यांनी तो पांढरा दोरा बोटाभोवती गुंडाळला. “तो दिवस आलाच नाई, गुरुजी. मंग कोन्या तोंडानं सांगू? खिसा उसवा म्हतलं असतं तं ते समदं पुन्हा उसवलं असतं.”



“आणि पोरं?” गुरुजींनी विचारलं. “ते गाणं? तुझ्या कानावर आलं असेल ना?”

“माहा मोईज पाचवीत होता, तवा घरभर गात फिरे. त्यानं मले इचारलं, अब्बा, सच्ची क्या, साहब का खिसा झूटा? मी मनलं, गुरुजी बोले तो सही. आता मुबीना इचारते. तिलेबी तेच सांगतो.”

“मोईज पाचवीत होता त्याला बावीस वर्षं झाली, गफ्फारभाई.”

“होऊ द्या ना. मास्तरले पोराच्या नजरेतून कोन उतरवते?”

गुरुजींनी टेबलाची कड धरली. त्यांना जुन्या विद्यार्थ्यांचा एकेक चेहरा दिसू लागला. ऋत्विक पुण्यात कंपनीत साहेब झाला होता. रोज कोट घालून जातो असं सांगत होता. अविनाश बँकेत होता. धम्मशीला नर्सिंग शिकून दिल्लीला गेली, तिनं थंडीतला कोट घातलेला फोटो पाठवला होता. या सगळ्यांचा हात पहिल्याच दिवशी खिशात गेला असणार. सगळ्यांना कळलं असणार. आणि इतक्या दिवाळ्यांना पाया पडायला आले, पण एकानंही सांगितलं नव्हतं.

“चुकलात तुम्ही सगळे,” ते शेवटी म्हणाले. “पोरगं चुकलं तर मी त्याला सांगतो. मास्तर चुकला तर त्याला सांगायला नको? मग त्यानं शिकायचं कधी?”

गफ्फारभाईंनी मान खाली घातली. “माफी करा.”

“माफी कसली. आता दुसरा खिसा उसव.”

दुसराही उसवला. मग दुपारी प्रतीक्षा आली, तिचं माप झालं, खडूच्या पांढऱ्या रेघा कोटावर उमटल्या. मोठी कात्री हातात घेऊन गफ्फारभाई थांबले. गुरुजी घरी जेवायलाही गेले नव्हते.

“तुमी जा, गुरुजी. पाहू नका.”

“का? शस्त्रक्रिया आहे का माझी?” गुरुजी पुढे झाले आणि कापडाची दुसरी कड त्यांनी दोन्ही हातांनी ताणून धरली. “हं. काप. मी ताणून धरलंय.”

गफ्फारभाई पुटपुटले, “बिस्मिल्ला,” आणि कात्री चालू लागली. जाड कापडातून जाताना तिचा आवाज कडब्यात बसलेल्या विळ्यासारखा येत होता. गुरुजींच्या हातातली कड शेवटपर्यंत हलली नाही.

शुक्रवारी दुपारी प्रतीक्षा कोट घालून ओसरीवर उभी राहिली. खांदे खांद्यावर, बाह्या मनगटावर, कंबरेत नेमका. तीन दिवसांपूर्वीचं बुजगावणं कुठं गेलं ते कळेना. अन्नपूर्णाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“आज कोनाचा जीव घेतं वं, बाई?”

“आजी, गप बसा ना,” प्रतीक्षा लाजली. मग गुरुजींसमोर ताठ उभी राहून म्हणाली, “इचारा गुरुजी, काई इचाराचं असन तं.”

“काही नाही विचारायचं. हात खिशात घाल.”

“खिशात?” ती हसली. “खिसा तं खोटा ना, साहेबाचा खिसा...” बोलता बोलता तिचा हात आत गेला. तिनं दुसरा घातला, तोही गेला. ती गुरुजींकडे बघतच राहिली.

“गुरुजी!”

“हो. माझं चुकलं होतं,” गुरुजी म्हणाले. “तिथं कुणी काही विचारलं आणि आलं नाही, तर असंच सांग. येत नाही म्हण. त्यानं कोट लहान होत नाही.”

रविवारी सकाळी तिचा फोन आला. अन्नपूर्णाबाईंनी स्पीकर लावला.

“गुरुजी, झालं! एक तारखेपासून बोलावलं! एक शब्द नाई आला मले, सांगून देल्लं का नाई येत. तं त्या मॅडम हसल्या. पन त्याच्या आधी लय भेव लागून राह्यलं होतं. बाहीर चाळीस जनी बसेल, साऱ्या फाडफाड इंग्रजी बोलून राह्यल्या. माहे हात असे थरथरून राह्यले होते...” तिचा आवाज ओला झाला. “मंग खिशात घातले मी. दोन्ही हात. कोनालेच दिसलं नाई.”

गुरुजींनी फोन जवळ ओढून घेतला.

“कोट संध्याकाळी आनून देऊ ना, गुरुजी?”

“कुणाच्या मापाचा आहे तो?”

“माह्या.”

“मग आणून काय करशील?”

सोमवारी चार वाजता पोरं पाय धुऊन ओसरीवर बसली. खुंटीवर नुसता हँगर होता. रोजच्यासारखा गलका झालाच नाही. एकमेकांना कोपरानं ढोसत सगळी तिकडेच पाहत होती.

गुरुजी उभे राहिले. बसून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

“मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं,” ते म्हणाले. “साहेबाचा खिसा खोटा नसतो. कोटाचा खिसा खराच असतो. तो टाका घालून बंद केलेला होता आणि मला ते कळलं नाही.”

मागून एक बारीक आवाज आला, “गुरुजीबी चुकतेत?”

“चुकतात. मी तीस वर्षं चुकलो. आज घरी जाऊन आईवडिलांना हे सांगा. त्यांनाही मीच शिकवलं होतं.”

मुबीना खाली मान घालून जमिनीवर बोटानं रेघ ओढत होती. “मंग ते गानं?” तिनं विचारलं.

“ते बंद.”

“छान होतं पन.”

“छान होतं,” गुरुजींनी कबूल केलं. “पण खरं नव्हतं.”

त्यांनी भिंतीशी टेकवलेली पऱ्हाटीची काडी उचलली. खुंटीजवळ गेले. काडीचं टोक हँगरच्या थोडं खाली, मोकळ्या हवेत धरलं आणि पोरांकडे वळून पाहत थांबले. घाई त्यांना नव्हतीच.



“कॉलर?” मुबीना चाचरत म्हणाली.

काडी थोडी खाली आली.

“लॅपल!” आणखी तिघं मिसळले.

“बटन! बटनहोल!”

काडी डावीकडे सरकली, तशी खाली खाली आली.

“स्लीव्ह! कफ!”

आता ती कमरेच्या उंचीवर आली होती. पोरं ओरडली, “पॉकेट!” आणि पुढची ओळ तोंडावर आलेली गिळून बसली.

“त्यात काय ठेवायचं?” गुरुजींनी विचारलं.

गुरुजी वाट पाहत राहिले. मग मुबीना उठली. पोरांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढे आली आणि खुंटीखाली उभी राहिली. काडीच्या टोकाकडे तिनं नीट पाहून घेतलं. मग बोटं जुळवून तिनं हात सावकाश तिथल्या हवेत घातला. बोटं, तळवा, मनगटापर्यंत. आणि आत काही लागतं का ते ती चाचपू लागली.

तिचा हात बाहेर येईपर्यंत खिसा हलू नये म्हणून गुरुजींनी काडी तशीच धरून ठेवली.